पोरगं मोठं होईपर्यंत

माझ्या दाजींसारखा सिनेमाचा शौकीन माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि एक अपवाद सोडला तर त्यांनी एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसून मी ती पडताळून पाहिली आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. हिंगोलीत त्यांची पिठाची गिरणी होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर मला तिथे पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. आमच्या हट्टा गावाहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं, म्हणून मी अक्काच्या घरी राहायला गेलो आणि आपोआपच दाजींचा सिनेमातला जोडीदार झालो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. करमणूक म्हणून बाजार, रेल्वे स्टेशन आणि पत्र्याचं एक थेटर, एवढाच काय तो ऐवज. आठवड्यातून एक दिवस गिरणी बंद असायची आणि त्या दिवशी दुपारी तीनच्या खेळाला दाजी हजर नाहीत असं कधी घडलं नाही.

गिरणीवाल्या माणसाला हळू बोलता येत नाही. दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून गिऱ्हाइकाशी बोलायचं, तोच आवाज घेऊन संध्याकाळी घरी यायचं. दाजींनी जेवताना मीठ मागितलं की कधीकधी शेजारच्या घरातून वाटी यायची. दुसरी गोष्ट पिठाची. सुट्टीच्या दिवशी ते दोनदा आंघोळ करत, तरीही भुवया, कानांच्या पाळ्या आणि मनगटावरचे केस पांढरे ते पांढरेच राहत. थेटरात बसल्यावर डोळ्यांना धार लागली की ते पीठ गालावर उतरायचं आणि मध्यंतरापर्यंत तोंडावर चांगली पेज तयार झालेली असायची. ती धोतराच्या सोग्याने पुसून ते बाहेर येत आणि भेटेल त्याला खणखणीत आवाजात सांगत, "लई मजा आली!"

मजा त्यांना खरोखरच यायची, पण ती एकाच जातीच्या सिनेमात. राजेरजवाडे, भुतंखेतं, देवादिकांचे चमत्कार यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सिनेमात गरिबाचं एक लेकरू असलं पाहिजे आणि त्याचे हाल झाले पाहिजेत. तिकीट काढण्याआधी ते दारावरच्या माणसाला गाठत. हा दारवाला जुन्या निजामी वळणाचा, दखनी हिंदी बोलणारा गृहस्थ होता आणि दाजींची नस त्याला बरोबर ठाऊक होती.

"लहानपण हाय का?" दाजी विचारत.

"है ना सेठ. बाप मरता, घर जलता, बच्चा होटल में बर्तन मांजता."

"अन् गाणं?"

"एक है. बर्तन मांजते मांजतेच."

"मग काढा तिकिटं!"

गाण्याबद्दल ते विचारायचेच. नुसतं रडणारं पोरगं त्यांना आवडत नसे. मी तेव्हा नवा नवा मासिकं वाचणारा, चहाच्या दुकानात मतं मांडणारा तरुण होतो. उपाशी पोराच्या तोंडी गाणं घालणं ही गरिबीची थट्टा आहे, असं मी एकदा त्यांना ऐकवलं. दाजींनी विचार केला आणि म्हणाले, "न्हाई पावणं. उपाशी पोरगं गातंय. रडून रडून कंटाळा येतो त्याला. मंग काय करावं त्यानं?"

पडद्यावरचं पोर उपाशी असेल तर दाजी स्वतः खात नसत आणि आजूबाजूच्यांनाही खाऊ देत नसत. मागच्या बाकावर कुणी शेंगा फोडायला लागलं की मागे वळून, "लेकरू सकाळपासून उपाशी हाय, दिसून न्हाई राहिलं का तुमाला?" असं विचारत. ज्या आवाजात विचारत त्यामुळे समोरच्या बाकावरच्याही शेंगा पिशवीत जात. एका सिनेमात पोरगं दुकानातून पाव उचलून पळतं आणि दुकानदार काठी घेऊन त्याच्या मागे लागतो. दाजी उठून उभे राहिले. "डाव्या बोळीत घूस! डाव्या!" पोरगं उजवीकडे गेलं आणि सापडलं. पुढच्या आठवड्यात तोच सिनेमा आम्ही पुन्हा पाहिला आणि या वेळी दाजींनी बोळ यायच्या बऱ्याच आधीपासून सांगायला सुरुवात केली, म्हणजे त्याला वळायला वेळ मिळावा.

आता शेवटाविषयी. त्या काळच्या सिनेमांची रीत अशी होती, की पहिला तास पोराचे हाल. मग ते कशाच्या तरी मागे किंवा कुणाच्या तरी पुढे पळत सुटतं. पडद्यावर नुसते अनवाणी पाय दिसतात. पळता पळता त्या पायांत बूट येतात, कॅमेरा वर सरकतो आणि उंचापुरा नायक समोर उभा राहतो. थेटरात शिट्ट्या होत, चिल्लर उधळली जाई, आणि दाजी टोपी घालून उठत. खरा सिनेमा तिथून सुरू होतो हे सगळ्या गावाला मान्य होतं, पण दाजींच्या लेखी तो तिथे संपलेला असे. बायकांची बसायची जागा वेगळी होती, मध्ये कापडी पडदा. त्या पडद्याशी जाऊन ते गिरणीच्या आवाजात पुकारत, "ऐकलं का? चल, पोरगं मोठं झालं!" ही हाक इतकी ठरलेली होती की बाहेर उभे राहिलेले उशिरा आलेले लोक ती ऐकून तिकिटं काढत.

आणि अक्काला उठावं लागे. नवरा दारात उभा आणि बायको आत सिनेमा बघत बसलेली, हे तेव्हाच्या हिंगोलीत दिसायला बरं नव्हतं. लग्न झाल्यापासून अक्काने सिनेमाचा शेवट म्हणून पाहिलेला नव्हता. शेवट सोडा, नायिकासुद्धा पाहिलेली नव्हती, कारण नायिका बूट आल्यानंतर येते. तिला त्या काळच्या सगळ्या नट्या भिंतीवरच्या पोस्टरांवरून तेवढ्या ठाऊक होत्या. अक्का साधी बाई, तिने दाजींकडे साडी मागितली नाही की डोरलं मागितलं नाही. आयुष्यात एकदा सिनेमाचा शेवट आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं. दुसऱ्या दिवशी नळावर ती बायकांना शेवट विचारायची, पण एक म्हणे खलनायक दरीत पडला, दुसरी म्हणे पोलिसांनी नेला. मी शेवटपर्यंत बसत असे, म्हणून मलाही विचारायची. माझं सांगणं तिला पसंत नव्हतं. "तू कचेरीतला कागद वाचल्यावानी सांगून राहिला," असं म्हणून ती भाकरी थापायला लागायची.

मी एकदा धीर करून दाजींना विचारलं, की तुम्ही असं अर्ध्यातून का उठता. ते गिरणीचा पट्टा चढवत होते. म्हणाले, "पोरगं एकलं असतंय, तवर आपुन बसायचं. मोठं झालं, त्याला दोस्त भेटले, मोटार भेटली, बाई भेटली. आता आपलं तिथं काय काम?" मग पट्टा बसला, आवाज सुरू झाला आणि पुढचं त्यांनी ओरडून सांगितलं. ते कनेरगाव नाक्याच्या बाजूचे. पटकीच्या साथीत आईबाप एकाच आठवड्यात गेले. कुणाची शेळ्या-मेंढरं राख, कुणाच्या दारात झोप, असं करत ते हिंगोलीला पोचले आणि याच गिरणीत झाडलोट करायला राहिले. हे त्यांनी मला ज्वारी कशी दळतात हे सांगावं तसं सांगितलं. त्यात हळहळ नव्हती.

एकदा दारवाल्याने दाजींना मोठ्या खुशीत बातमी दिली. "सेठ, इस में लहानपणच लहानपण है. बच्चे बडे होतेच नै." दाजी हरखले, पण अक्का त्यांच्याहून जास्त हरखली. तिच्या लक्षात आलं की पोरं मोठी होणार नाहीत म्हणजे दाजी उठणार नाहीत, आणि दाजी उठणार नाहीत म्हणजे आपल्याला शेवट दिसणार. तिने आपली दोन्ही मुलं शेजारी सोपवली, दिवाळीची साडी नेसली, आणि खेळ सुरू व्हायच्या पाऊण तास आधी आम्हाला थेटरावर नेऊन उभं केलं.

सिनेमा चांगला होता. रुळांच्या कडेने कोळसा वेचणारी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ, दारुडा काका, त्यांना हुसकावणारा एक ढेरपोट्या मुकादम. त्या मुकादमाची पोरांनी जी फजिती केली तिला दाजी एवढे हसले की पत्रे वाजले. गाणं होतं, तेही दोघांनी कोळशाच्या ढिगावर उभं राहून म्हटलेलं. दाजींनी मांडीवर ठेका धरला. रडायचं तिथे रडले, गालावर पेज झाली. शेवटी काका पोरांना घराबाहेर काढतो, आणि ती मालगाडीच्या रिकाम्या डब्यात चढतात. भाऊ बहिणीच्या मांडीवर झोपतो. गाडी वळणाआड जाते आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समाप्त' येतं. दिवे लागले. बायकांच्या कापडी पडद्यापलीकडून मला अक्काचा आवाज ऐकू आला. ती कुणाला तरी आनंदाने सांगत होती, "मी पुरा पाहिला!"

मी उठलो. दाजी उठले नाहीत.

"दाजी, चला. संपला."

"कुठं संपला?" ते म्हणाले. "पोरं गाडीतच हायत अजून."

थेटर रिकामं झालं. सहाच्या खेळासाठी झाडू मारायचा म्हणून दारवाला आत आला. त्याने सेठची समजूत काढायचा प्रयत्न केला, की पिक्चर एवढाच आहे, याच्या पुढे रीळच नाही. दाजींनी ऐकून घेतलं आणि जागचे हलले नाहीत. "गाडी कुठं चालली म्हाईत न्हाई. रात पडंल. अशा टायमाला उठून कसं जावं?" हे ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ऐकून बरं वाटलं नाही.

शेवटी अक्काच आत आली. पुरुषांच्या बाजूला ती पहिल्यांदाच येत होती. तिने दाजींकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा आनंद मावळला. त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसून, पदर सावरून ती म्हणाली, "पूर्णेला उतरली ती."

"कोण?"

"पोरं. कोळशाची गाडी पूर्णेला थांबत न्हाई व्हय? पोरगी हुशार, तिनं बराबर ठेसन ओळखलं. तिथं एक खानावळवाली बाई व्हती. तिनं आधी जेवू घातलं अन् मंग नाव इचारलं."

दाजींनी मान वळवली. "काय वाढलं?"

"पिठलं-भाकर."

"गरम?"

"तव्यावरची."

"धाकटं तर झोपलं व्हतं."

"त्याला उठिवलं की. डोळे चोळत चोळत खाल्लं त्यानं. मंग ऱ्हायली तिथंच दोघं. साळंत गेली, मोठी झाली."

"दोघंबी?"

"दोघंबी."

दाजींनी एकदा पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी घातली. "मंग चला," म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या सिनेमाची रीत बदलली. पोरगं मोठं झालं की दाजी पूर्वीसारखेच उठत, पण हाक मारत नसत. एकटेच बाहेर जाऊन पायरीवर बसत, दारवाल्याशी बोलत. अक्का आत शेवटपर्यंत बसायची. नट्या कशा चालतात, कशा बोलतात हे तिला एकदाचं कळलं. खेळ सुटला की घरी जाताना ती दाजींना शेवट सांगायची आणि तिच्या एक पाऊल मागे मी चालत असे. दाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अक्का टीव्हीवर सिनेमे बघते, शेवटपर्यंत बघते, आणि शेवट झाला की काही न बोलता टीव्ही बंद करते.

दाजी होते तेव्हाच्या, थेटरातल्या एका दुपारची गोष्ट आहे. त्या सिनेमात लहानपणी जत्रेत हरवलेला मुलगा शेवटच्या रिळात आईला शोधत येतो. आई आजारी असते, तिची नजर गेलेली असते, आणि त्याला न ओळखताच ती प्राण सोडते. बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते, त्यात अक्काचाही असणार. बाहेर आलो तर दाजी पायरीवरून उठून उभेच होते. चार पावलं चालल्यावर त्यांनी विचारलं, "मंग? माय भेटली का त्याला?"

अक्काने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून चालत राहिलो.

"भेटली की," ती म्हणाली. "नजर गेली व्हती तिची. पण तोंडावरून हात फिरवला अन् बराबर ओळखलं."

"ओळखणारच," दाजी म्हणाले. "माय हाय ती."