एकशे सात नंबरची जागा

तेजॉन शहरातल्या विद्यापीठात सोल्बीने सलग तीन सत्रं लायब्ररीतल्या कामासाठी अर्ज केला. पगाराबरोबर अभ्यासही होईल, असं तिला वाटायचं. शेवटी काम मिळालं. तासाभराहून जास्त वेळ रिकाम्या राहिलेल्या जागेवरचं सामान उचलायचं आणि तिथे चिठ्ठी ठेवायची.

परीक्षेच्या आठवड्यात तिने पहाटे रांग लावून एकशे सात नंबरची जागा धरली, वह्या मांडल्या आणि दोन तासांच्या पाळीवर गेली. यंदा गुण घसरले, तर हे कामही सुटणार होतं.

दुसऱ्या तासाच्या फेरीत ती स्वतःच्याच वह्यांपाशी अडखळली. मागे ग्रंथपाल प्योबाई उभ्या होत्या.

"उचल की! मुहूर्त बघतेस का?"

"बाई, हे माझंच आहे. मी इथेच तर काम करतेय."

"मग नियम तुला तरी माहीत असेल."

शेजारच्या टेबलाशी उभी असलेली पहिल्या वर्षाची मुलगी लगबगीने पुढे आली. "ताई, मी बसू का इथे?"

"बस."

सोल्बीने वह्या टोपलीत टाकल्या आणि चिठ्ठी लिहिली: आपले सामान काउंटरवरून घेऊन जावे.

पाळी संपल्यावर तिने काउंटरवरच्या वहीत दोन सह्या केल्या, एक घेणाऱ्याची, एक देणाऱ्याची. मग वह्या घेऊन ती जिन्यात जाऊन बसली.