गुरुवारचे तैलरंग

माझी झोप उडवणारी काळजी अगदी साधी होती. उद्या माझी लेक सई मला काहीतरी महत्त्वाचं सांगेल, आणि ते मला कळणारच नाही!

जपानच्या त्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. सई चारची. बालवाडीतून ती रोज नवे जपानी शब्द आणायची, आणि मी अजून 'माफ करा' आणि 'पिशवी नको' एवढ्यावर संसार रेटत होते. नवरा, निखिल, कावासाकीच्या ऑफिसातून यायचा तेव्हा ती झोपलेली. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि त्यातही एक परदेशी. ती मी!

म्हणून टोकियोत, ओजिमातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये तैलरंगांच्या वर्गाला नाव घातलं. तिथे मुलं आणलेली चालायची.

"जपानी शिकायला पेंटिंगचा क्लास?" निखिल म्हणाला. "मग पेंटिंग शिकायला कुठे जाणार, कराटेला?"

तैलरंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर माणसं करणार काय? गप्पा मारतात, आणि किस्से साचत जातात.

* * *

वर्ग घेणारे सेन्सेई, म्हणजे आमचे सर, पंचाहत्तरीचे. रंग ब्रशने कमी, सुरीने जास्त लावायचे. ब्रेडवर लोणी थापावं तसे. पॅरिसचे कॅफे, सर्कशीतले विदूषक, स्पेनमधली चर्च. माणसांचे चेहरे हिरवे नाहीतर जांभळे.

"तुम्ही पॅरिसला किती वर्षं होतात?" मी कसंबसं वाक्य जुळवलं.

"एकदाही गेलो नाही."

"का?"

"गेलो तर सगळी चित्रं चुकीची निघतील!"

* * *

मोरी-सान, म्हणजे मोरीबाई, आमच्या वर्गातल्या निवृत्त नर्स. एकदा त्यांनी डब्यातला तळलेला मासा सईला भरवला. त्या माशाचं जपानी नाव 'आजी'. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"काय खाल्लं माझ्या राणीने?"

"आजी!"

"हो गं, आजीच बोलतेय. काय खाल्लंस?"

"आजी खाल्ली. तळलेली. काटे काढून."

मी धावत आले. "आई, अहो, आजी म्हणजे इथला एक मासा!"

"मासा?" सासूबाई किंचाळल्या. "त्यापेक्षा मला खाल्लं असतं तर चाललं असतं!"

* * *

लाल रंगाने बरबटलेली फडकी मी कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत टाकली. दुपारी बिल्डिंगचे केअरटेकर तीच पिशवी घेऊन दारात. वाकले आणि फार हळू आवाजात काहीतरी विचारलं. मला त्यातलं 'लाल' तेवढं कळलं. वाटलं, रंगाचं कौतुक करतायत.

"हो, दर गुरुवारी करते," मी हसून म्हटलं. "अजून नीट जमत नाही."

ते पांढरेफटक पडले! तेवढ्यात सईने माझ्या मागून डोकं काढून भराभर काहीतरी सांगितलं. ते हसले, दोनदा वाकले आणि गेले.

"काय विचारत होते गं?"

"रक्त कोणाचं आहे."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नंदेमोनाई." म्हणजे काही नाही. आणि ती खेळायला पळाली.

एवढं भराभर बोलली, ते सगळं काही नाही?

* * *

भूकंपाच्या दिवशी रेल्वेगाड्या बंद पडल्या आणि सगळं टोकियो पायी घरी निघालं. सेन्सेईंनी ते भिंतभर काढलं होतं: पुलावरून चाललेली काळ्या कोटांची गर्दी, सुरीने फरफटवलेले चेहरे. त्या दिवशी निखिलही कावासाकीहून चालतच आला. तो येईपर्यंत मी सईला पोटाशी धरून टेबलाखाली बसून होते.

"कुणाला शोधताय?" मी चित्रातला एकेक चेहरा न्याहाळत होते तेव्हा सेन्सेईंनी विचारलं.

"नवऱ्याला."

"अंगावर काय होतं?"

"डोक्यावर ऑफिसने दिलेलं पांढरं हेल्मेट."

त्यांनी गर्दीतल्या एका डोक्यावर पांढरा ठिपका ठेवला.

पुढच्या गुरुवारी मोरी-सान हळूच म्हणाल्या, "आमच्या यांचा राखाडी मफलर होता." मग कुणाच्या तरी सुनेची लाल पर्स निघाली.

"असं चाललं तर मला सगळ्यांनाच घरी पोचवावं लागेल!" सेन्सेई वैतागले. आणि मफलर रंगवायला बसले.

* * *

मग एकदा सेन्सेईंनी मलाच विचारलं. मेरी आणि बाळ येशूची चित्रं असतात ना, तसं एक, पण आजच्या टोकियोतल्या आईचं. बसाल का?

मी इस्त्रीची साडी नेसून गेले! सई मात्र मांडीवर दोन मिनिटंही टिकेना. पाचदा आणून बसवली, पाचदा पळाली. शेवटी त्यांनी मांडी रिकामीच ठेवली.

प्रदर्शनात चित्र पाहिलं. हिरवा चेहरा, दाराकडे लागलेले डोळे, आणि रिकाम्या मांडीवर दोन भलेमोठे हात. मी इतकी घाबरट दिसते? लोक अदबीने मान हलवून पुढे सरकत होते.

"साडी छान आलीये," निखिल म्हणाला.

सई मात्र हलेना. हॉल बंद करायची वेळ झाली तेव्हा तिने सेन्सेईंची बाही ओढली आणि चित्राकडे बोट दाखवून जपानीत लांबलचक काहीतरी सांगितलं. एक शब्द कळला असेल तर शपथ! सेन्सेई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. मोरी-सान एकदम माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय सांगितलंस गं त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, आईला इथे ठेवून जाऊ नका," सई म्हणाली. "ती एकटी झोपत नाही."