भेगेवरची काच

इमारतीला तीस वर्षं उलटली, म्हणून आमच्या सोसायटीत सक्तीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इंजिनिअरबाईंनी जिन्यातल्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली. म्हणाल्या, "काच तडकली, तर भेग जिवंत आहे असं समजा."

'जिवंत' हा शब्द इतका अशुभ वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येकजण त्या काचेपाशी थबकतो. एरवी त्या भिंतीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

काल दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या महाजनकाकू दारात उभ्या दिसल्या. मी चढता चढता सांगितलं, "काच शाबूत आहे हो, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मलाही तसली एक पट्टी चिकटवा. येता-जाता बघाल तरी."