डोळ्यांनी ऐकलेली साक्ष

दोनशे माग एका छपराखाली खडाडत असले, की साक्षात देवाने येऊन हाक मारली तरी ती त्याच्या ओठांवरूनच वाचावी लागते. विलायतेतल्या डंडी गावच्या तागाच्या गिरणीत एफी स्टरॉकने अशी अडतीस वर्षं काढली. तिच्या ओळीतल्या बायका आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तीन-तीन मागांपलीकडे गप्पा मारायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं, कुणाला दिवस गेले आणि ते कुणाच्या कृपेने, सगळं. मुकादम मिशीला पीळ भरत मधून जायचा आणि त्याच्या नाकासमोर त्याच्याच संसाराची चिरफाड चाललेली असायची. त्याला वाटायचं, बायका गोळ्या चघळताहेत.

घरी नवरा होता, डॉड. डंडीत बायका गिरणीत जायच्या आणि नवरे चहाचं आधण ठेवायचे. बायका कमी मजुरीत राबतात, म्हणून मालकाला बायकाच हव्या असत. अशा नवऱ्यांना गाव 'किटलीवाले' म्हणे. डॉड त्यांतला नामांकित. त्याने उभ्या आयुष्यात नोकरी केली ती एकूण अकरा महिने, आणि तिच्या आठवणी मात्र सैन्यातून परतलेल्या सुभेदारासारख्या सांगायचा.

मग ताग कलकत्त्यालाच स्वस्तात विणला जाऊ लागला आणि गिरणी बंद पडली. एफी घरी आली, कान मात्र गिरणीतच राहिले. हे तिने कुणाला कळू दिलं नाही. "माझे कान ठणठणीत आहेत," ती म्हणायची, "लोकच हल्ली पुटपुटतात." बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ती सगळं समजून घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई किती मन लावून ऐकते!

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात तिला कोर्टाचं पत्र आलं. ज्यूरीवर बसायचं होतं.

"पंधरा जणांत तू?" डॉड म्हणाला. "बिचारे चौदा!"

"तू आपलं आधण बघ. उतू चाललंय."

कोर्टाचा एक तरतरीत कारकून सगळ्यांना विचारत फिरत होता, काम करायला काही अडचण आहे का. एफीने त्याच्या ओठांवरचा प्रश्न वाचला आणि तोऱ्यात सांगितलं, "काही नाही रे बाळा." मग न्यायाधीश आले. घोड्याच्या केसांचा टोप डावीकडे कललेला, वकिलांचे झगे कोपरांवर विरलेले. एवढ्या मोठ्या खेळाला इतका गरीब कपडेपट! पण प्रवेश मात्र झकास. दार उघडलं, सगळे ताडकन उभे राहिले, आणि म्हाताऱ्याने सावकाश जाऊन अशी बैठक मारली की टाळ्याच पडायच्या बाकी होत्या.

एफीने हात वर करून शपथ घेतली, खरा निवाडा देईन आणि पुराव्यावरूनच देईन. न्यायाधीशांनी बजावलं, "साक्षीच्या पिंजऱ्यातून येईल तेवढाच पुरावा. बाकी काही डोक्यात शिरू द्यायचं नाही. आणि खटल्याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा."

आरोपी होता केनी पुलर, वय तेवीस. बेकरी फोडायला शिरला आणि चौकीदाराला ढकलून पळाला, असा आरोप. चौकीदार वॉटी मेल्डरम सदुसष्ट वर्षांचा. पडताना भट्टीच्या दाराची कडी त्याच्या डाव्या डोळ्यात शिरली आणि डोळा कायमचा गेला. पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "पाठीमागून आला. मी झटापट केली, पण तोंड दिसलं नाही. माझ्या मुठीत त्याचं बटण राहिलं." ते शिंगाचं तपकिरी बटण सगळ्यांना दाखवण्यात आलं.

दुसरा साक्षीदार संध्याकाळी दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडत होता. त्याने तपकिरी जाकिटातल्या केनीला पळताना पाहिलं होतं, चाळीस पावलांवरून. केनीच्या वकिलाने विचारलं, "तोवर किती ग्लास झाले होते?"

"मोजत बसलो असतो तर प्यायला वेळ कुठे मिळाला असता?" साक्षीदार म्हणाला.

न्यायाधीशांनी समजावलं, या देशात एका साक्षीवर कुणाला तुरुंगात घालत नाहीत, तिला दुसरा आधार लागतो. आधार म्हणजे ते बटण. पण ज्याचं बटण ते जाकीट पोलिसांना सापडलं नव्हतं, आणि असं जाकीट आपल्याकडे नव्हतंच, असं केनी म्हणत होता. सगळं घोडं जाकिटाशी अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील कागद चाळत होते. एफीची नजर सहज प्रेक्षकांच्या बाकांवर गेली. तिथे केनीची आई बसली होती, जेस पुलर, पन्नाशीची, लांब हनुवटीची. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तोंड जरा जास्त उघडत होतं, जीभ दातांना नीट टेकत होती. एफीने तत्क्षणी ओळखलं, बाई विणकरीण आहे. वेगळ्या गिरणीतली, पण विणकरीणच.

"जाळलं," जेस म्हणत होती. "जाकीट. बंबात घातलं. राख टे नदीत."

केनीने खांद्यावरून मागे पाहिलं. आईच्या मांडीवरच शिकला असणार तो. त्याचे ओठ हलले, "बटणं?"

"पाचही जाळली. सहावं त्यांच्याकडे आहे. मान ताठ ठेव."

 एफीने दोन्हीकडे पाहिलं. उजवीकडचा टॉश खाटीक नखं साफ करत होता. डावीकडचे ओगिल्वी, बँकेतले, घड्याळ बघत होते. चौदा माणसं, अठ्ठावीस डोळे, आणि एकालाही काही दिसलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत ती त्या कारकुनाजवळ गेली. "बाळा, समज ज्यूरीतल्या कुणाला असं काही कळलं, जे पिंजऱ्यातून आलेलं नाही..."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तो एकदम सावध झाला.

सांगायचं तर काय? कुणी सांगितलं नाही, मी ऐकलं? मग कान तपासणार. खटला रद्द होणार, वॉटीला पुन्हा त्या पिंजऱ्यात चढवणार. आणि जाकीट जाळणारी आई मुलाशेजारी आरोपी म्हणून जाऊन बसणार. "काही नाही," ती म्हणाली. "ब्रायडीत कांदा फार होता, एवढंच म्हणायचं होतं." खिम्याची ती गलेलठ्ठ करंजी तिने तशीच कागदात गुंडाळून ठेवली होती. एफीने ब्रायडी टाकली, हे डंडीत कुणाला पटलं नसतं.

सुट्टीनंतर तिने शक्कल लढवली, डोळेच मिटून घेतले. न दिसेल, न कळेल. पण डोळे मिटल्यावर कोर्टही बंद पडलं. कुठूनतरी गुरगुर यायची, बस्स. मग टॉशने कोपराने असं ढोसलं की ती बाकावरून उडालीच. सगळं कोर्ट तिच्याकडे बघत होतं. न्यायाधीशांचा टोप आता कपाळावर आला होता.

"मी तिसऱ्यांदा विचारतोय, बाई. झोपलात का?"

"नाही मिलॉर्ड. लक्ष देऊन ऐकतेय."

"डोळे मिटून?"

"देवळातही असंच ऐकते मिलॉर्ड. तिथे कुणी हटकत नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही ओठ चावून हसू दाबलं. एफीला मात्र हसू येईना.

घरी ती जेवली नाही, बोलली नाही. डॉडने बार्लीचं सूप केलं, ते निवलं. त्याने शेजारणीची निंदा काढून पाहिली, तरी ती गप्प. शेवटी तो घाबरला. "एफी, मी काही केलंय का? केलं असेल तर सांग, म्हणजे मलाही कळेल."

"तू कधी काही केलंयस का आयुष्यात?" ती म्हणाली. डॉडला जरा हायसं वाटलं. पण पुढचं वाक्य आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी वकिलांची भाषणं चालू असताना जेस पुन्हा सुरू झाली. "मावशीकडे जाऊ आज. तिला सांगून ठेवलंय, जाकिटाचं विचारलं तर..." एफीच्या डोक्यात तिडीक उठली. तिने थेट तिच्याकडे तोंड वळवलं आणि आवाज न काढता, ओठ फाकवून, मुकादमाला देत असत तसली शिवी हासडून म्हटलं, "तोंड मीट, बये! मीही मागावरचीच आहे."

जेसचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. हात आपोआप तोंडावर गेला.  मग हात खाली आला, आणि ओठ हलले, या वेळी मुलाकडे नाही.

"तुला सगळं दिसलं?"

एफी हलली नाही.

"एकुलता आहे गं. मारायचं नव्हतं त्याला. घाबरला. तुझ्या पाया पडते."

एफीने मान वळवली आणि सरकारी वकिलाच्या तोंडाला नजर चिकटवली. पण डोळ्याच्या कोपऱ्यात ते ओठ हलतच होते.

मग ज्यूरीच्या खोलीत चहा आला आणि दार बंद झालं. ओगिल्वी प्रमुख झाले, कारण त्यांच्याकडे पेन होतं. या देशात ज्यूरी तीनपैकी एक निवाडा देऊ शकते: दोषी, निर्दोष, किंवा सिद्ध नाही. सिद्ध नाही म्हणजे माणूस सुटतो, फक्त पाठीवर थाप मिळत नाही. दोषी ठरवायला पंधरातली आठ मतं लागतात.

"दोषी," टॉश म्हणाला. "कान बघा त्याचे. असल्या कानांचा डुक्कर मी दारातूनच परत पाठवतो."

"निर्दोष," एक बाई म्हणाल्या. "दाढी किती नीट केली होती!"

एकाला संध्याकाळचा फुटबॉलचा सामना गाठायचा होता. ज्या बाजूने लवकर सुटका होईल ती त्याची बाजू. कुणी म्हणालं, तो च्युइंगम चघळत होता. कुणी म्हणालं, वॉटीने तरी त्या वेळी जागं राहायला हवं होतं. एफी एकेकाचं तोंड वाचत गेली. हे लोक दाढी आणि कान बघून खुशाल मत देत होते, ओठ बघायची बंदी मात्र तिला एकटीला!

ओगिल्वींनी बेरीज केली. सात दोषी, सात सुटकेच्या बाजूने. "मिसेस स्टरॉक?"

 दोषी म्हटलं तर ते खरं होतं. वॉटीच्या डोळ्याच्या जागी बांधलेली पट्टी खरी होती. पण हात वर करून तिने जे कबूल केलं होतं, तेही खरं होतं. जेस कोर्टात आलीच नसती, आजारी पडून घरी राहिली असती, तर आपल्या हाती काय उरलं असतं? चाळीस पावलांवरचा एक झिंगलेला माणूस आणि जाकिटाविना बटण. नुसता उभा ताणा. आडवा बाणा कुठे होता? असलं कापड तिने मागावरून कधी उतरू दिलं नव्हतं, मुकादम छातीवर बसला तरी.

"सिद्ध नाही," ती म्हणाली.

"म्हणजे केलंय त्यानेच, असंच ना?" टॉशने विचारलं.

"मी बोलले तेवढंच लिहा, ओगिल्वी. मनातलं लिहायला लागलात तर तुमची शाई पुरायची नाही."

केनी सुटला. जेस बाकाला धरून उभी राहिली आणि एफीकडे बघून काहीतरी म्हणाली. एफीने ते वाचलं नाही. तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले.

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर वॉटी मेल्डरम मफलर गुंडाळत उतरत होता. डाव्या बाजूची पायरी त्याला दिसली नाही आणि तो धडपडला. एफीने दंड धरला.

"कोण?" तो तिच्याकडे तोंड वळवून म्हणाला.

"ज्यूरीतली."

"असू दे बाई. तुमचा तरी काय दोष? तुम्हाला कुठे काही दिसलं होतं?"

शेवटची पायरी येईपर्यंत एफीने त्याचा दंड सोडला नाही. सोडल्यावर मात्र बससाठी न थांबता ती घरापर्यंत चालत गेली, दोन मैल, चढाचा रस्ता.

डॉड स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. "काय झालं खटल्याचं?" त्याने विचारलं, आणि लगेच म्हणाला, "हां, सांगायचं नाही, नाही का?"

"नाही सांगायचं," एफी म्हणाली. कोट न काढताच ती समोरच्या खुर्चीत बसली. आणि मग तिला राहवेना. एक अक्षर बोलायची बंदी होती ना? तिने अक्षर उच्चारलंच नाही. नुसते ओठ हलवले. जाकीट, बंब, पाच बटणं, राख, जेसने केलेली याचना, टॉशचे कान, आणि वॉटी पायरीवर जे म्हणाला ते. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही प्रवेश न गाळता. सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि स्वयंपाकघरात चिटपाखराचाही आवाज नव्हता. डॉड अधूनमधून तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा बटाट्याकडे वळायचा. बिचारा किटलीवाला, त्याला काय कळणार!

तिचं संपलं. डॉडने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला, दुसरा उचलला, आणि तिच्याकडे न बघताच तोंड उघडलं, मग तिच्या कानांची आठवण होऊन तिच्याकडे वळून विचारलं,

"म्हाताऱ्याचा कुठला डोळा म्हणालीस?"

एफी त्याच्याकडे बघतच राहिली. अडतीस वर्षांचे रविवार तिच्या डोळ्यांसमोरून सरकले. हेच टेबल, भोवती तिच्या ओळीतल्या मैत्रिणी, मुक्या ओठांनी चाललेली प्रत्येकीच्या नवऱ्याची धुलाई, त्यात डॉडची सर्वांत जास्त, आणि डॉड निमूटपणे कप भरतोय.

"मेल्या!" ती ओरडली. "तुला येतं?"

"बायका घरी आल्या की करमणूक चांगली व्हायची," डॉड म्हणाला. "कळतंय असं सांगितलं असतं, तर बंद पडली असती."

तिने ओला पंचा उचलून त्याच्या तोंडावर फेकला. त्याने तो खांद्यावर टाकला आणि बटाटा सोलत राहिला, उत्तराची वाट बघत.

"डावा," एफी म्हणाली.

"हं," डॉड म्हणाला. त्याने सुरी बाजूला ठेवली आणि हात पुसून तिच्या शेजारी येऊन बसला.