पिशवीतली घडी आणि टपरीवरचं तोंड

रजिस्टर पोस्टानं नोटीस आली तेव्हा मी डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घडी उघडून बसलो होतो. सही करून पाकीट फोडलं, तर आत अब्रुनुकसानीची धमकी. मी म्हणे पोलिसांकडे खोटी तक्रार केली आणि धनजच्या एका प्रतिष्ठित शेतकऱ्याची चारचौघांत बदनामी केली. पंधरा दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात या. कारंज्याच्या बसस्टँडसमोर अब्बांनी टाकलेलं घडीदुरुस्तीचं दुकान मी एकटाच चालवतो. तारखेला जायचं म्हणजे शटर खाली. आणि ज्याच्यावर केस आहे त्याच्या हाती आपल्या बापाची घडी कोण देणार? माझं डोकं सटकलं. ते तसंही लवकर सटकतं, कोणतंही गिऱ्हाईक सांगेल.

झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी मी मानोऱ्याला निघालो होतो. आमच्याकडे एसटीत जागा दारातून मिळत नाही, खिडकीतून मिळते. बस लागली की खालूनच रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते सीटवर टाकायचं आणि निवांत चहाला जायचं. त्या रुमालाचा मान सगळे ठेवतात. त्यामुळे शेजारच्या सीटवर एक कापडी पिशवी एकटीच बसलेली पाहून मला काही वाटलं नाही. मग तिच्यातून आवाज यायला लागला.

चावीची टेबल घडी होती, गजराची, आणि लंगडत चालत होती. एक ठोका लांब, एक आखूड. गावातल्या आणि आसपासच्या जुन्या घड्या सगळ्या माझ्या हाताखालून गेलेल्या. ठोक्यावरून मी घर सांगतो. ही ओळखीची नव्हती. डोक्यावर पाटी होती, बेवारस वस्तूला हात लावू नका, चालक-वाहकाला कळवा. मला घाम फुटला. खरं सांगायचं तर आधी गुपचूप उतरून घरी जावंसं वाटलं. आत घडी आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न मलाच येणार. माझं नाव, माझी दाढी आणि वर माझा धंदा! पण बसमध्ये लेकुरवाळ्या बाया बसल्या होत्या. मी उतरलो आणि कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन सांगितलं.

बस रिकामी झाली, हवालदार आला आणि प्रश्नही आला.

"तुमाले कसं समजलं आत घडी आहे?"

"साहेब, मी घडीवाला आहे."

तो यावर विचार करत होता, तेवढ्यात गर्दीतून भज्यांचा पुडा हातात घेऊन धनजचे भाऊ पुढं आले. हे अब्बांच्या वेळचं गिऱ्हाईक, पण अलीकडे दुकानात फिरकले नव्हते. "अरे, पिशवी माह्यी आहे," ते म्हणाले. "जागा धरून ठेवली होती." हवालदारानं पिशवी सगळ्यांसमोर रिकामी करायला लावली. केसांच्या कलपाची बाटली निघाली, गुडघ्याचा पट्टा निघाला आणि टॉवेलात गुंडाळलेली त्यांच्या वडिलांची टेबल घडी निघाली. माझ्या समजुतीनं ती दुरुस्तीला माझ्याशिवाय कुणी उघडली नव्हती. मानोऱ्यात दुसरा एक घडीवाला आहे; घडी एकदा त्याच्याकडे जाऊन आली होती आणि आता परत तिकडेच निघाली होती. घडी का लंगडत होती आणि मला का ओळखू आली नाही, ते तिथल्या तिथं कळलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

इथं गप्प बसायला हवं होतं. मी तरातरा टपरीवर गेलो आणि म्हणालो, "धनजचे भाऊ बॉम्ब घेऊन फिरून राह्यले. मी होतो म्हणून स्टँड वाचला." लोक हसले. मला चेव आला, मग गजर किती वाजताचा लावला होता तेही सांगितलं आणि कलपाची बाटलीही सोडली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी धनजला पोचली. तिथं भाऊ दिसले की लोक कानात बोटं घालायला लागले.

नोटीस घेऊन मी आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंकडे गेलो.

"पोलिसाले सांगतलं त्याची फिकर सोडा, चाचा," त्या म्हणाल्या. "संशय आला, ज्याले अधिकार आहे त्याले सरळ मनानं सांगतलं, ते बदनामी होत नाही. कायद्यात तसा अपवादच आहे. मंग आत बॉम्ब निघो का घडी. लोक सांगाले भ्याले तर कसं होईन?"

मी पाय पसरले.

"आता टपरीचं सांगा. तवा तर घडीच आहे हे तुमाले माहीत होतं ना?"

"होतं."

"टपरीवाल्याले कायचा अधिकार आहे?"

"साखर कमी-जास्त करायचा."

त्या हसल्या नाहीत. "मंग तिथं बोलाचा हेतू काय होता?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण वकिलासमोर सांगण्यासारखं नव्हतं. मी जळलो होतो. दुसऱ्या दिवशी धनजची बस धरली.

भाऊ ओसरीवर जावयासोबत बसले होते. शेजारचे दोघं होते. मी उभ्यानंच म्हणालो, "भाऊ, कंट्रोलरले सांगतलं ते उद्याबी सांगीन. टपरीवर बोललो ते चुकलं. लिहून आणलं."

त्यांनी कागद सावकाश वाचला आणि दुमडून खिशात ठेवला.

"पण मानोऱ्याले काहून गेले तुमी?" मला राहवलं नाही. "माह्या हाताले काय झालं होतं?"

"हाताले काही नाही झालं. तोंडाले झालं. मी घडीत खोबरेल टाकलं होतं, आठवते? दुकान भरलं होतं. याच्यासमोर तू म्हणाला, या माणसाच्या हातात घडी काय, घमेलंबी देऊ नका." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "त्याची नोटीस देली का मी तुले?"

ते वाक्य मला आठवत होतं. चांगलं जमलं म्हणून घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं होतं. आता ते ओसरीवर ऐकताना कान तापले, आणि खरंच लाज वाटली.

भाऊ आत गेले आणि टॉवेलातली घडी आणून माझ्यासमोर ठेवली. "सुधारून दे. वकिलाले मी सांगतो."

बारका पेचकस माझ्या खिशात असतोच. स्क्रू सोडवून मागचं झाकण काढलं. मानोऱ्यावाल्यानं आतली बारीक स्प्रिंग भलतीकडेच बसवली होती, आणि खोबरेलाचा वास अजून येत होता. दोघांबद्दलही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. जावई आणि शेजारी वाकून पाहत होते.

"काय झालं होतं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही, भाऊ," मी म्हणालो. "जरासं सरकलं होतं."