समोरची खुर्ची

सोफेवाल्याच्या तोंडात दिवसभर खिळे असत. त्यामुळे जावई अबोल आहे असा सासऱ्यांचा समज झाला होता, आणि अबोल माणसाला बुद्धिबळ येतंच, हा त्यांचा दुसरा समज. लग्न झाल्यापासून दर रविवारी सासऱ्यांसमोरची खुर्ची त्याची. तो हरायचा, पण खुर्ची त्याची होती.

मग धाकट्या मेहुणीने फोटोग्राफरशी लग्न केलं. नवा साडू पहिल्याच रविवारी त्या खुर्चीत बसला, सासऱ्यांना हरवून वर म्हणाला, "बाबा, तुमचा वजीर फार लवकर फिरायला निघतो." हेच सोफेवाला म्हणाला असता तर त्याचा चहा बंद झाला असता. साडूला मात्र सासऱ्यांनी टाळी दिली. थोरले जावई पलंगाच्या कडेवर सरकले.

"पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

त्याने मनावर घेतलं. सगळे राजापुढचं प्यादं सारून थेट मधे घुसतात. आपण बगलेतून शिरायचं. आधी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं, मग दुसरा उंट कोपऱ्याशी दडवून पटभर तिरपी नजर रोखायची. दुकानात उघड्या गादीवर खडूने घरं आखली, सोफ्याची बटणं मांडली. काळ्याने राजाचं प्यादं सारलं तर काय, आपलीच नक्कल केली तर काय, घोडा काढला तर काय, सगळं घोटलं.

"आमचा सोफा कधी देताय?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"थांबा, काळ्याची खेळी आहे."

शेवटी एका रविवारी त्याने साडूला आव्हान दिलं. साडूने बेफिकिरीने वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं सारलं. सोफेवाल्याचा घोडा बाजूला झाला आणि मागे दडलेल्या उंटाने समोरच्या कोपऱ्यातला हत्ती उचलला. पुढे डाव उरलाच नाही.

"दादा, मानलं तुम्हाला," साडू मनापासून म्हणाला. तेच जास्त झोंबलं.

सासरे तर उजळले. "जावईबापू, पुन्हा मांडा. पांढरी तुमची. आम्ही दोघं मिळून तोड काढतो." त्यांनी साडूची खुर्ची आपल्या खुर्चीला चिकटवली, त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघांची कुजबूज सुरू झाली. सोफेवाल्याच्या खांद्यावर इतक्या वर्षांत तो हात कधी पडला नव्हता.

खुर्ची मिळाली होती, आणि समोर दोन डोकी एक झाली होती.

त्याने राजापुढचं प्यादं सारलं.

"अहो, ते मघाचं खेळा ना," सासरे म्हणाले.

"विसरलो."

"इतक्यात?"

"बाबा, या साध्या खेळीला मी कशाला हवा?" म्हणत साडू उठला आणि मेहुणीच्या मागे स्वयंपाकघरात गेला.

सासऱ्यांनी मोकळी खुर्ची पायाने दूर सारली आणि सवयीने वजीर लवकर बाहेर काढला. सोफेवाल्याला तो तिथल्या तिथे कोंडता आला असता. त्याने नुसता एक घोडा हलवला आणि निवांत हरायला बसला.