अर्धा फेरा

दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी प्रूफवाले आपल्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडत आणि धडधाकट इंजिनात स्वतःच्या हाताने बिघाड करून ठेवत. बिघाड तसा एवढासाच. कार्बोरेटरच्या अंगाला एक पितळी स्क्रू असतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिनाला हवा किती आणि पेट्रोल किती, ते तो ठरवतो. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातला बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रूफवाले तो स्क्रू अर्धा फेरा आवळत, बॉनेट आवाज न करता लावत आणि चोरी करून आल्यासारखे हात धूत.

चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढलेला हा माणूस. त्याने असं काही करावं, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. पण सांगणार तरी कुणाला? बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी लांब, तिचा रविवारी फोन. "बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्यात? ती गाडी काढून टाका बरं आता." एवढ्यात फोन संपायचा. बाकीचे सहा दिवस घरात घड्याळ तेवढं बोलायचं. कधी कधी दोन दोन दिवस तोंडातून शब्द निघालेला नसे, आणि मग दारात आलेल्या दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायलासुद्धा घसा खाकरावा लागे.

पहिल्यांदा गाडी खरोखरच बिघडली होती. सिग्नलला थांबली की आचके द्यायची आणि मान टाकायची. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. कुणीतरी मिस्त्रींचं गॅरेज दाखवलं. मिस्त्रींनी कार्बोरेटर सोडवला, पेट्रोल येतं ती जेटची बारीक भोकं फुंकून साफ केली, तो स्क्रू शेवटपर्यंत आवळून मोजून दीड फेरा मागे घेतला, आणि मग डोळे मिटून, इंजिनाकडे कान देऊन, केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले. दोन तास गेले. तेवढा वेळ प्रूफवाले ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून होते आणि मिस्त्रींच्या तोंडाला खळ नव्हता.

"जुनी बाई आहे ही, प्रूफवाले. हिच्यावर ओरडून भागत नाही. जवळ जाऊन विचारायचं, काय गं, कुठे दुखतंय? आमचा जावई उलटा. त्याला न विचारताच सगळं दुखतं."

घरी आल्यावर प्रूफवाल्यांच्या लक्षात आलं की आपले गाल अवघडलेत. हसायची सवय मोडली होती.

पण गाडी उत्तम चालायला लागली, आणि तीच पंचाईत झाली. ठणठणीत माणसाने वैद्याच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? तीन आठवडे त्यांनी वाट पाहिली. गाडी काही केल्या बिघडेना. शेवटी एका शुक्रवारी त्यांनी मशीनचा खण उघडला आणि शनिवारी गाडी गॅरेजात नेली.

त्या खेपेला मिस्त्री म्हणाले, "स्प्रिंग मऊ झाली असेल, स्क्रू जागा सोडतोय." स्प्रिंग बदलली. पुढच्या खेपेला स्क्रूच नवा घातला. मग गॅस्केट, मग पेट्रोलची नळी, मग टाकीतला गंज. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत थट्टा चालू होती. "तुमची ही बाई माझ्या प्रेमात पडली की काय?" प्रूफवाले डब्यावर बसून खूश. मिस्त्रींच्या गप्पा हळूहळू आटत चालल्यात, हे त्यांना दिसत होतं. पण दिसलेली चूक सोडून द्यायला आता ते शिकले होते.

सहाव्या शनिवारी मिस्त्रींनी "या"सुद्धा म्हटलं नाही. बॉनेट उघडलं, स्क्रू किती फेरे सैल आहे ते मोजलं, आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले.

"पुन्हा आवळलाय," ते म्हणाले. "प्रूफवाले, एक सांगू? इंजिनाच्या थरथरीने स्क्रू सैल होतो. आजवर मी आवळला गेलेला पाहिला नाही. मग हा दर वेळी आवळतो कसा?"

प्रूफवाल्यांनी कालपासून खिशातच राहिलेला स्क्रू ड्रायव्हर चाचपला.

"मी खूप विचार केला. एकच उत्तर आहे. मीच आवळून ठेवतो." मिस्त्रींनी उजवा हात पुढे धरला. बोटं बारीक थरथरत होती. "मागच्या वर्षी आजारी पडलो, तेव्हापासून हा असा आहे. दीड फेरा सोडला असं मला वाटतं, आणि हात एकच सोडत असणार. कान फसतोय की हात, देव जाणे. मुलगा कधीपासून मागे लागलाय, माझ्याकडे येऊन राहा म्हणून. जागेच्या मालकाला सांगून टाकलंय मी, महिनाअखेरीस चावी देतो. तुमचं काम तेवढं करून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण नाही जमत. दुसरा कुणी बघा."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की प्रूफवाल्यांना डब्यावर बसवेना. गप्प राहिलं तर हा माणूस आपल्या हाताला दोष देत आयुष्यभराचं काम सोडून जाणार. बोललं तर हा डबा, ह्या गप्पा, सगळं आजच संपणार. दोन्हीकडून जाणार ते गॅरेजच. फक्त एका वाटेने ते मिस्त्रींचंही जाणार होतं.

"मिस्त्री, तो स्क्रू मी आवळतो."

मिस्त्री हसले. "समजूत काढू नका हो. तुम्हाला रेडिएटर कुठला आणि बॅटरी कुठली, ते कळत नाही."

प्रूफवाल्यांनी खिशातून तो स्क्रू ड्रायव्हर काढला. "गाडी चालू करा."

मिस्त्रींनी स्क्रू बरोबर लावून इंजिन चालू केलं. ते एका लयीत गुरगुरायला लागलं. प्रूफवाले वाकले, नेमक्या जागी हात घातला आणि अर्धा फेरा आवळला. इंजिनाने आचका दिला, खोकलं आणि बंद पडलं.

मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. तीन महिने झाले."

"कशासाठी?"

उत्तर साधं होतं, पण तोंडातून निघायला फार लाजिरवाणं. "घरी कुणी नसतं," प्रूफवाले म्हणाले.

"म्हणून माझा केसाने गळा कापलात?" मिस्त्रींचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तीन महिने मी बायकोला हात पुढे करून विचारतोय, बघ गं, जास्त थरथरतो का? तुम्ही इथे समोर बसून चहा पीत होतात!"

प्रूफवाल्यांनी मान खाली घातली. 'माफ करा' म्हणाले ते इतकं हळू की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असेल.

मिस्त्रींनी स्क्रू पुन्हा शेवटपर्यंत आवळला आणि दीड फेरा सोडला. इंजिन चालू केलं, डोळे मिटले, केसभर इकडे, केसभर तिकडे. या वेळी पुरेसा वेळ घेतला. हात थरथरत होता, पण स्क्रूवर टेकला की स्थिर व्हायचा. मग लाल रंगाचा एक ठिपका स्क्रूच्या डोक्यावर असा लावला की स्क्रू जरा हलला तरी रंग तडकावा. बॉनेट धाडकन बंद केलं.

"न्या. गाडीला काही झालेलं नाही."

पुढचे दिवस लांब गेले. शुक्रवारी संध्याकाळी प्रूफवाल्यांना करायला काहीच नव्हतं. त्यांनी गाडी चालू करून पाहिली. ती तक्रार न करता चालत राहिली. आत बसून त्यांनी ते थोडा वेळ ऐकलं आणि किल्ली फिरवली. रविवारी मुलीने विचारलं, "गाडी काढली का?" ते म्हणाले, "नाही. बरी आहे आता."

दुसऱ्या शनिवारी ते पायी निघाले. तासभर लागला. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. गॅरेजचं दार उघडं होतं, पाने-पकडी भिंतीवर जागच्या जागी टांगलेल्या. मिस्त्री एका गाडीवर वाकलेले होते आणि तिचा मालक विचारत होता, "दुसरी गाडी पुढच्या महिन्यात आणली तर चालेल?"

"आणा की. मी कुठे जातोय," मिस्त्री म्हणाले.

प्रूफवाल्यांना त्यांनी पाहिलं होतं. मालक निघून गेला आणि ते इंजिनात डोकं घालून कामाला लागले. प्रूफवाले डब्यावर टेकले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. चहा आला, एकच कप. मिस्त्रींनी तो उभ्या उभ्या प्यायला आणि पुन्हा वाकले.

"जरा मागे सरका," ते इंजिनातूनच म्हणाले. "उजेड अडवताय."

प्रूफवाल्यांनी डबा दोन वीत मागे ओढला आणि तिथे बसून राहिले.